सातव्या रांगेतला माणूस

माझ्या नवऱ्याचं नाव अण्णाराव. हे नाव आधी नीट ऐकून ठेवा, कारण पुढं जो वैताग सांगणार हाय तो सगळा ह्या नावापायीच झाला. लातूरच्या आडत बाजारात त्यांनी तीस वर्षं मापाडीचं काम केलं. सोयाबीन, तूर, हरभरा, जे येईल ते मापायचं आणि मोठ्यानं आकडा पुकारायचा. पहिल्या मापाला आमच्यात एक म्हणत न्हाईत, 'लाभ' म्हणतात. ह्यांनी 'लाभ' म्हणलं की रस्त्यापलीकडच्या चहाच्या टपरीवर माणसं मान वळवायची. घरातही तसंच. जेवताना मीठ मागितलं तरी शेजारची बाई दचकायची.

ह्या आवाजापायी ते नाटकात गेले, आणि ह्या आवाजापायीच माझ्या पोरीची सोयरीक मोडली. दोन्ही सांगते, पण आधी नाटकाचं.

मलप्पा गुरुजी म्हणून उदगीरकडचे एक मास्तर होते. शाळा सुटली की पेटी घेऊन बसायचे. त्यांनी एक संगीत नाटक लिहिलं, 'संगीत मांडवदारी'. सगुणा नावाच्या पोरीचं लगीन तिला न इचारता ठरतं, एवढीच गोष्ट. पण सोळा गाणी. हळदीचं गाणं, जात्यावरचं गाणं, दोन विहिणी भांडतात त्याचंबी गाणंच. आणि गुरुजींची एक खोड अशी की बघायला आलेल्या लोकांना ते पाहुणे समजायचे, लग्नाचे वऱ्हाडी. दारात प्रत्येकाच्या हातावर अक्षता ठेवायच्या. आमच्याकडं अक्षता ज्वारीच्या असतात. हळद-कुंकू लावून त्या मी रंगवायचे आणि दारात उभी राहून वाटायचे. लोक त्या मुठीत धरून दीड तास बसायचे. मग मंगलाष्टकं सुरू व्हायची, लोक हात उचलायच्या तयारीत असायचे, आणि तेवढ्यात सातव्या रांगेतून एक माणूस उठायचा.

"थांबा! पोरीला कुणी इचारलं का?"

तो माणूस म्हणजे आमचे मालक.

गुरुजी एकदा कडबा-पेंड घ्यायला बाजारात आले होते, तिथं त्यांनी ह्यांचा 'लाभ' ऐकला. तिथंच खांद्यावर हात ठेवून म्हणले, "अण्णाराव, मला नट नको. मला माणूस पाहिजे." आणि वचन घेतलं, की कुणाला सांगायचं न्हाई. बोर्डावर नाव न्हाई. नाटकवाल्यांच्या गाडीत बसायचं न्हाई, वेगळ्या एसटीनं यायचं. रंग लावायचा न्हाई. पडदा पडल्यावर आत चहाला यायचं न्हाई. ओरडायचं, स्टेजवरच्या भटजीशी दोन मिनिटं हुज्जत घालायची, हातातल्या अक्षता खिशात कोंबायच्या आणि तरातरा दारातून निघून जायचं. दाराचा पडदा मी बाजूला करायचे आणि तोंडावर असं दाखवायचे की हा कोण टोणगा मला ठाऊक न्हाई.

लोकांना ते खरंच वाटायचं. अर्धे म्हणायचे, "खाली बस रे!" अर्धे म्हणायचे, "बरोबर हाय की त्याचं, इचारायला नको?" मग त्या दोघांतच जुंपायची. तबलजी नुसता ठेका धरून बसायचा आणि लोकांचं भांडण निवलं की सगुणा गायला लागायची. त्या गाण्याला तुम्ही एवढं चिडीचूप थिएटर कधी बघितलं नसल. गुरुजी म्हणायचे, हे गाणं अण्णारावानं गायलेलं हाय, सगुणा फक्त तोंड हलवते.

पण शिव्या कुणी खाल्ल्या? कंधारला एका म्हाताऱ्यानं ह्यांना काठी मारली. अहमदपूरला दोन जणांनी कॉलर धरून बाहेर काढलं. धर्माबादला तर एका पोलिसानं तिसऱ्या अंकापर्यंत बाहेर बसवून ठेवलं आणि हे गुमान बसले, बोलले न्हाईत. मी एकदा बायकांत बसले होते. शेजारची बाई म्हणली, "कसला अडाणी माणूस हो! ह्याच्या बायकोचं काय होत असंल?" मी म्हणलं, "लई हाल होत असतील." आणखी काय म्हणणार?

वीस वर्षं. नांदेड, लातूर, उदगीर, देगलूर, निलंगा, जिथं पडदा बांधला तिथं. नाटक दुसऱ्यांदा बघणाऱ्यांना तरी शंका यावी की न्हाई? न्हाई आली. ते म्हणायचे, हा येडा गावोगाव ह्या नाटकाच्या मागं फिरतो, ह्याचं स्वतःचं लगीन काहीतरी बिनसलेलं दिसतंय.

आता सोयरिकीचं. आमची राजकन्या नर्सिंग शिकली. तिला एक स्थळ आलं. पोरगा कॉलेजात शिकवायचा, दोघं एकमेकाला आधीच ओळखत होते. आम्ही पोरीला इचारलं. तुम्ही हसू नका, खरंच इचारलं, ह्यांनीच इचारलं. तिनं हाव म्हणलं. पोराकडची माणसं बघायला आली. त्यांच्यात पोराचा मामा होता, भीमाशंकर, दाळ मिलवाला, नाटकाचा शौकीन. पोह्याची ताटली हातात घेतली आणि ह्यांच्याकडं टक लावून बघतच राहिला.

"तुम्ही ते न्हाई का," तो म्हणला, "कंधारला नाटकात उठून बोंबलले होते?"

हे म्हणले, "हाव."

"उदगीरलाबी तुम्हीच?"

"हाव."

"आणि इथं लातूरला?"

"हाव."

माणसाला खोटं बोलता येत न्हाई आणि खरं सांगायचं न्हाई असं ठरलेलं. पुढच्याच आठवड्यात निलंग्याला प्रयोग होता. भीमाशंकरनं ताटली खाली ठेवली. म्हणला, "खोट्या लग्नात हा माणूस तीनदा उठला. आमच्या खऱ्या लग्नात काय करंल?" आणि सगळे उठून गेले. पोहे तसेच राहिले. मी त्या दिवशी ह्यांना काय काय बोलले ते सांगण्यासारखं न्हाई. ते एवढंच म्हणले, "एकाला सांगितलं की बाजारभर झालं, शिवगंगे. गुरुजींचं नाटक मरल." मी म्हणलं, "मरू द्या! पोरीपेक्षा नाटक मोठं हाय का?" हे निलंग्याला गेले मात्र. ओरडले, पण आवाज फाटला होता असं तबलजी नंतर म्हणला.

राजकन्येचं पुढं नांदेडला चांगलं झालं. दवाखान्यात नोकरी हाय, जावई चांगला हाय, दोन लेकरं हायत. ती कधी एका शब्दानं बोलली न्हाई. पण ह्यांच्या मनातून ते गेलं न्हाई. रस्त्यात भीमाशंकरची गाडी दिसली की हे दुकानाकडं तोंड करून उभे राहायचे.

मग गुरुजी वारले, नाटक बंद पडलं, ह्यांच्या गुडघ्यानं दगा दिला आणि मापाडीचं कामही सुटलं. झालं गेलं संपलं असं मला वाटलं होतं. तेवढ्यात आदर्श आला.

आदर्श नांदेडचा पोरगा, मुंबईला जाऊन सिनेमे शिकलेला. लहानपणी आईच्या मांडीवर बसून त्यानं धर्माबादला 'मांडवदारी' बघितलं होतं आणि हे नेमके त्याच्या मागून उठले होते. "मामा, मी भ्यालो आणि आईच्या पदरात तोंड घातलं," तो सांगत होता. "नाटक कशाला म्हणतात ते मला त्या दिवशी कळलं." गुरुजींच्या घरच्यांनी त्याला सगळं खरं सांगितलं होतं. म्हणले, सिनेमा करतोस तर आधी मापाडी मामाला भेट. तवापासून तो ह्यांना मापाडी मामाच म्हणायचा. गोड बोलायचा, पाया पडायचा, माझ्या हातची शेंगा-चटणी डब्यात घालून घेऊन जायचा. मला त्याचा राग नव्हता. आता हाय.

त्यानं ह्यांना नांदेडला शूटिंगला नेलं. मांडवात दोनशे माणसं बसवली आणि ह्यांना मधे. अकरा वेळा उठवलं. दर वेळी हे पहिल्यासारखेच ओरडले. तिथला कॅमेरावाला म्हणला, "मामा, हळू बोला, आवाज नंतर मोठा करता येतो." हे म्हणले, "मग राग कधी मोठा करता?" घरी आले तेव्हा घसा बसला होता, आठ दिवस मीठ खुणेनं मागत होते. पण खूश होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी स्वतःहून काही मागितलं होतं.

"नाव येईल ना पडद्यावर?" त्यांनी आदर्शला इचारलं होतं.

"मामा, पहिल्या दहात येईल."

घरी आल्यावर मला म्हणले, "आता गुरुजी न्हाईत, नाटक न्हाई. आता कळलं तर कुणाचं काय बिघडतंय? भीमाशंकरनं एकदा ते नाव वाचावं. मग झालं." तेवढीच त्यांची इच्छा होती. पैसा न्हाई, हारतुरे न्हाईत. त्या एका माणसाला कळावं, की आपण ज्याला येडा म्हणून उठून गेलो तो आपलं काम करून राहिला होता.

गेल्या महिन्यात आदर्शचा फोन आला. सिनेमा अजून बाहेर आलेला न्हाई, पण लातूरला दहाच्या शोला निवडक लोकांना दाखवायचा हाय, त्यांची मतं घ्यायची हायत. ज्यांनी नाटक बघितलं ते शंभर आणि ज्यांनी न्हाई बघितलं ते शंभर. हे काय करतील? दोन पास घेऊन थेट दाळ मिलवर गेले. बारा वर्षांनी. "सिनेमा हाय, या," म्हणले, आणि पास टेबलावर ठेवून आले. भीमाशंकरनं पासांना हातबी लावला न्हाई म्हणे. पण आला. नवा पांढरा शर्ट घालून, बायकोला घेऊन आला.

मी आदल्या दिवशी ज्वारी रंगवली. ह्यांनी सांगितलं नव्हतं, माझं मलाच राहवलं न्हाई. थिएटरच्या दारात पिशवी उघडली तर वॉचमन आडवा आला. "मावशी, बाहेरचं खायला चालत न्हाई."

"खायचं न्हाई रे बाबा, अक्षता हायत."

त्यानं पिशवीत हात घालून बघितलं, हुंगलं, आणि म्हणला, "फेकायचं पण न्हाई. गालिचा हाय." तरी मी वाटल्या. जी नाटक बघितलेली माणसं होती त्यांनी न सांगता हात पुढं केला. कॉलेजच्या पोरी इचारत होत्या, आजी, हा प्रसाद हाय का? कंधारहून पंचफुलाबाई आली होती, हळदीच्या गाण्याला सगळ्यात मोठ्यानं वन्समोर मागणारी. तिनं दोन मुठी घेतल्या.

आदर्श दारातच होता. ह्यांच्या पाया पडला आणि माझ्याकडं न बघता म्हणला, "मामा, आधी बघून घ्या. मग बोलू." मला तेव्हाच काहीतरी खटकलं.

सिनेमा सुरू झाला. वरून कंधारचा किल्ला दाखवला, लई मोठा, लई सुंदर. पंचफुलाबाई मागून म्हणली, "किल्ल्याचा काय संबंध?" सगुणा छान होती. हळदीचं गाणं होतं पण अर्ध्यातच तुटलं. विहिणींचं भांडण तर बिनगाण्याचं केलं, नुसत्या बोलून राहिल्या. मग मंगलाष्टकं आली. हे खुर्चीत पुढं सरकले. सातव्या रांगेतच बसले होते, मुद्दाम. मुठी उचलल्या गेल्या, अंधारात मला दिसत होत्या. पडद्यावर मांडव भरलेला, दोनशे माणसं. मी ह्यांना शोधून राहिले.

कुणीच उठलं न्हाई.

सगुणानंच बाशिंग काढून हातात घेतलं आणि म्हणली, "थांबा! मला कुणी इचारलं का?"

कॉलेजच्या पोरींनी शिट्ट्या मारल्या. खोटं कशाला बोलू, माझ्याबी अंगावर काटा आला. पोरगी स्वतः बोलते म्हणजे चांगलंच झालं की. पण ह्यांच्याकडं बघितलं तर त्यांचे ओठ हलून राहिले होते. त्यांचं वाक्य त्यांनी तोंडातल्या तोंडात म्हणून घेतलं. मग मागं टेकले.

लगेच इंटरव्हल झाला. समोशाच्या काउंटरजवळ आदर्श वाट बघत उभा होता. मी म्हणलं, "काय रे, कुठं गेला तुझा मामा?"

त्यानं सांगितलं. आधी नांदेडला असाच शो केला होता. दोनशे फॉर्म भरून घेतले. त्यातल्या शंभरावर लोकांनी एकच लिहिलं, की तो मधेच उठून ओरडणारा म्हातारा कोण? नवरीचा कोण लागतो? पुढं कुठं गेला? एक तर त्याची गोष्ट दाखवा, न्हाईतर काढून टाका.

"नाटकात तुम्ही आमच्या शेजारी बसलेले असता, मामा," तो रडवेला होऊन म्हणला. "माणूस शेजारून उठला की त्याला कुणी नाव-गाव इचारत न्हाई. पडद्यावर तुम्ही पात्र होता. मग लोक म्हणतात, पात्राला नाव पाहिजे, घर पाहिजे. मी लई भांडलो. प्रोड्यूसर म्हणला, प्रेक्षक सांगतात तसं करा."

"प्रेक्षक!" मी म्हणलं. "वीस वर्षं जो प्रेक्षक म्हणून बसला त्याला प्रेक्षकांनीच हाकलला व्हय रे?"

"गप ना," हे मला म्हणले. मग आदर्शला इचारलं, "नाव?"

"शेवटी आभारात हाय, मामा. मी स्वतः टाकलंय."

"मग झालं," हे म्हणले, आणि समोसा घेतला. खाल्ला न्हाई.

दुसरा भाग कसा होता ते मला इचारू नका, मी नुसती शेवटाची वाट बघत होते. शेवटी सगुणा तिला पाहिजे त्याच्याशी लगीन करते. नाटकात तिथं अक्षतांचा पाऊस पडायचा, पण सिनेमात ते लगीन झालंच न्हाई, दोघं मोटारसायकलवर बसून गेले. लोकांच्या मुठी तशाच. मग नावं वर सरकायला लागली. पहिल्या दहात न्हाई, पहिल्या पन्नासात न्हाई. लाइटवाल्यांची नावं, गाड्यावाल्यांची, जेवण देणाऱ्यांची. सगळ्यात शेवटी आभार. ग्रामपंचायत, पोलीस, मंगल कार्यालय. आणि त्याच्याखाली: 'मापाडी मामा, लातूर'.

मी दोनदा वाचलं, तोवर ते निघूनबी गेलं. त्या पोराला ह्यांचं नाव ठाऊकच नव्हतं! माझ्या घरी दहा वेळा जेवला, पाया पडला, अकरा वेळा ओरडायला लावलं, आणि नाव इचारलं न्हाई. 'पोरीला कुणी इचारलं का' असा सिनेमा काढतो आणि ह्यांना इचारत न्हाई! तळपायाची आग माझ्या मस्तकात गेली. पण आदर्श आत नव्हता. दिग्दर्शक समोर असला की लोक खरं बोलत न्हाईत म्हणे, म्हणून तो बाहेर थांबला होता. मतं घ्यायला मुंबईची एक पोरगी होती, हातात माइक, काखेत फॉर्मचा गठ्ठा. तिला आमचं काहीच ठाऊक नव्हतं.

लोक बोलायला लागले. एक रिटायर हेडमास्तर उठले. "सोळा गाणी होती. इथं पाच. अकरा कुठं ठेवली?" त्यावर कॉलेजची एक पोरगी म्हणली, "मी नाटक पाहिलेलं नाही, पण सगुणा एकदम भारी. उलट गाणी अजून दोन कमी केली तरी चालतील." हेडमास्तर तिच्याकडं असे बघायला लागले जसं तिनं वही फाडली. पंचफुलाबाईनं माइक हिसकावूनच घेतला. "हळदीचं गाणं आम्ही तीन-तीनदा घ्यायचो. इथं वन्समोर कुणाला मागावं, त्या भिंतीला? आणि ह्या अक्षतांचं काय करू मी आता, घरी नेऊन भाकर करू?" लोक हसले. एक जण म्हणला किल्ला छान दिसला. दुसरा म्हणला, बाई स्वतः बोलली हे पटलं, पण मांडवात एक तरी माणूस तिच्या बाजूनं उठायला पाहिजे होता. त्या माणसाला मी मनातल्या मनात हात जोडले.

मग भीमाशंकर उठला. आमच्या मागं दोन रांगा सोडून बसला होता.

"मला सिनेमा लई आवडला," तो म्हणला. "आणि एक गोष्ट तर फारच चांगली झाली. नाटकाला एक येडा यायचा. ऐन मंगलाष्टकात उठून बोंबलायचा, सगळ्याचा विचका करायचा. मी तीनदा बघितलाय. सिनेमात ती कटकट न्हाई." मग ह्यांच्याकडं बोट केलं. "आज इथंच बसलेत ते. पासबी त्यांनीच आणून दिला. आज मात्र गुमान बसले, बरं वाटलं."

सगळं थिएटर हसलं. नाटक बघितलेली माणसं तर माना उंच करून बघायला लागली. "अरे हाव की! हाच तो!" पंचफुलाबाईसुद्धा म्हणली, "बया, खरंच की!" तीसुद्धा! मी तिला वीस वर्षं अक्षता वाटल्या होत्या.

मी उठले. कशी उठले मला ठाऊक न्हाई. "थांबा!" म्हणलं. माइक लागला न्हाई. "ते येडे न्हाईत. माझे मालक हायत ते. नट होते ते, नाटकातले! गुरुजींनी ठेवलेलं काम होतं त्यांचं, उठायचं आणि ओरडायचं. वीस वर्षं केलं त्यांनी ते काम. त्यापायी मार खाल्ला, पोरीची सोयरीक गेली, तरी तोंड उघडलं न्हाई!"

मग भीमाशंकर हसला. वाईट हसला असं न्हाई, लहान लेकराला समजावताना हसतात तसा. "वहिनी, नवऱ्याची बाजू घ्यावीच माणसानं. पण नट होते तर बोर्डावर नाव कुठं होतं?"

"नव्हतं. तसंच ठरलं होतं."

"बरं, आता सिनेमात तरी नाव हाय का?"

"हाय ना! शेवटी. मापाडी मामा."

"मापाडी तर बाजारात दोनशे हायत," भीमाशंकर म्हणला, आणि खाली बसला.

लोक पुन्हा हसले. पुढच्या दोन पोरांनी तर टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं मला मुद्दाम उठवलंय, हे सगळं सिनेमावाल्यांनी बसवलेलं हाय. मला रडू यायला लागलं आणि रागापायी ते बाहेर पडेना. ह्यांनी माझा पदर धरून खाली ओढलं.

"बस, शिवगंगे."

"अवो, बोला की तुम्ही! तोंड हाय ना तुम्हाला? सगळ्या मराठवाड्यानं ऐकलंय ते!"

ह्यांचे डोळे भरले होते, पण गालावर हसू होतं, ते बघून मी आणखीच पेटले. माझ्या कानाशी येऊन म्हणले, "अजून खरं वाटून राहिलंय बघ त्याला. गुरुजी असते तर लई हसले असते." आणि मग दुसऱ्याच आवाजात, "पण त्याला कळायला पाहिजे होतं गं." एवढंच. मीठ मागतानासुद्धा ज्या माणसाचा आवाज खाली येत न्हाई, त्यानं ते इतकं हळू म्हणलं की मला पुन्हा इचारावं लागलं.

मग मुंबईच्या पोरीनं फॉर्म वाटले. ह्यांनी 'सिनेमा कसा वाटला' ह्यापुढं 'चांगला' वर खूण केली, 'आपले नाव' कोरं सोडलं, आणि कागद गुडघ्यावर उलटा ठेवला. सवयच ती. मी माझा फॉर्म वाचला. नाटक पाहिले आहे का? हो. किती वेळा? लई. सिनेमात काय कमी वाटलं? तिथं दोन रेघा होत्या. माझ्या बोटांना ज्वारीचं हळद-कुंकू होतं, कागदावर सगळे डाग पडले. अंगणवाडीत कामाला होते तेव्हा हजेरी लिहायचे तसं मी ठळक अक्षरात ह्यांचं नाव लिहिलं. त्यांचं, त्यांच्या वडलांचं, आणि आडनाव. पूर्ण नाव. त्या नाटकाच्या कुठल्याबी कागदावर ते पहिल्यांदा लिहिलं जात होतं.

पोरगी फॉर्म गोळा करत आली. माझा घेतला, डाग बघून जरा थांबली, मग वाचलं. भली पोरगी होती, हळूच वाकून म्हणली, "काकू, काहीतरी चुकलंय. या नावाचं कुणी सिनेमात नाहीये."

"हाव," मी म्हणलं. "तेच लिहिलंय."